भिंग आणि मोजपट्टी : उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथील विकाऊ घरांचे छायाचित्रण

प्रस्तावना

विकाऊ किंवा भाड्याने द्यावयाच्या घरांची छायाचित्रे काढून देणे हा स्वतंत्र व्यवसाय मुंबई महानगर प्रदेशात गेल्या दोन दशकांत रुजला आणि त्यासाठी ‘रिअल इस्टेट फोटोग्राफी’ हे नाव मराठी बोलण्यातही जसेच्या तसे रूढ झाले. वास्तुछायाचित्रण, म्हणजे वास्तुविशारदाच्या कृतीचे तिच्या सौंदर्यासाठी केलेले छायाचित्रण, आणि हा व्यवसाय यांचे नाते जवळचे असले तरी दोहोंचे हेतू वेगळे आहेत. वास्तुछायाचित्रकार निवडक इमारतीकडे जातो, अनुकूल ऋतूची आणि प्रहराची वाट पाहतो आणि त्याचे चित्र ग्रंथांत व प्रदर्शनांत टिकून राहते. घरांचा छायाचित्रकार मात्र एजंटाने किंवा मालकाने दिलेल्या पत्त्यावर ठरल्या वेळी पोहोचतो, जे घर समोर येईल ते तासा-दोन तासांत टिपतो, आणि टोकन, म्हणजे व्यवहार पक्का करण्यासाठी दिलेली पहिली रक्कम, ज्या दिवशी मालकाच्या हाती पडते त्या दिवशी त्याच्या चित्राचे काम संपते. अशा अल्पायुषी चित्रांमागची नजर, तिचे कसब, तिच्या मर्यादा आणि तिच्यावरची जबाबदारी हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

विषयाचे क्षेत्र मुद्दामच लहान ठेवले आहे. मध्य रेल्वेच्या कल्याण–कर्जत मार्गावर विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही स्थानके ओळीने येतात, आणि उल्हासनगर ते बदलापूर हे अंतर रेल्वेने जेमतेम दहा किलोमीटरचे आहे. तरीही एवढ्या पट्ट्यात घरांचे निरनिराळे प्रकार एकमेकांना खेटून उभे आहेत. उल्हासनगरच्या कॅम्प पाच या भागात लष्करी बराकींच्या जागी उभी राहिलेली, तळमजल्यावर दुकान वा जीन्स शिवण्याचा गाळा आणि वर बिऱ्हाड अशी घरे आहेत. अंबरनाथमध्ये कारखान्यांच्या आधाराने वाढलेल्या जुन्या सोसायट्या आहेत. बदलापुरात कात्रप, बेलवली, मांजर्ली, खरवई या गावठाणांच्या आसपास शेतजमिनीवर उठलेले उंच मनोरे आहेत. या तिन्ही ठिकाणी काम करणाऱ्या छायाचित्रकाराला सकाळी दहा फूट रुंदीच्या खोलीत ट्रायपॉड मावत नाही आणि दुपारी गॅलरीतून दिसणारी अख्खी डोंगररांग चौकटीत कशी बसवावी असा प्रश्न पडतो. जागेची ही टोकाची रूपे एका दिवसात पाहणाऱ्या माणसाची निरीक्षणे नगररचनेच्या अभ्यासकालाही उपयोगी पडावीत, ही या लेखनामागची पहिली धारणा आहे.

या परिसरात वास्तूचे छायाचित्र काढण्याची परंपरा समजूत असते त्यापेक्षा बरीच जुनी आहे. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली तेव्हा तिच्यात रस घेणाऱ्यांमध्ये डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते. पुढे १८६८ मध्ये सरकारी आदेशाने मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेच्या पथकाने अंबरनाथच्या शिवमंदिराची पाहणी केली, आणि त्या कामात मोजमापे, रेखाचित्रे, शिल्पांचे साचे व छायाचित्रे ही चारही साधने वापरण्यात आली. वालधुनी नदीच्या काठावरचे हे मंदिर शिलाहार राजांच्या काळातील असून भूमिज शैलीचे, म्हणजे शिखराच्या अंगावर लहान शिखरांच्या आडव्या-उभ्या ओळी रचलेल्या पद्धतीचे, महाराष्ट्रातील एक जुने उदाहरण मानले जाते. त्याचा गाभारा सभामंडपाच्या पातळीखाली आहे, पायऱ्या उतरूनच तेथे जावे लागते, आणि आतला काळोख व बाहेरचे ऊन यांतला फरक डोळ्यांनाही सोसत नाही. ज्या काळी काचेवर रसायन चढवून ती ओली असतानाच चित्र घ्यावे लागे, त्या काळी हे काम किती कष्टाचे असेल हे उघड आहे. आजच्या छायाचित्रकाराला कॅम्प पाचमधील अरुंद बोळातल्या घरात भेटणारी अडचण, अंधारी खोली आणि भगभगीत खिडकी, ही जातीने तीच आहे.

त्या पाहणीतील एक गोष्ट या पुस्तकाच्या सूत्राशी थेट जोडलेली आहे. त्या पथकाने छायाचित्रावरच सारे सोपवले नाही, कारण खांब किती सुंदर आहे हे छायाचित्र दाखवते, पण तो किती उंच आहे हे मोजपट्टीनेच ठरते, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून निघते. याच मंदिरातील शिलालेखाच्या बाबतीत पुराव्याचे महत्त्व आणखी स्पष्ट होते. लेखातील शक भाऊ दाजींनी ७८२ असा वाचला होता, आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, असल्याचे दाखवले. एका झिजलेल्या अंकाने मंदिराचे वय दोनशे वर्षांनी बदलले. मूळ लेख जागेवर होता म्हणून चूक दुरुस्त होऊ शकली, आणि तो कोणी उजळून, घासूनपुसून ‘सुबक’ केला असता तर ती कायमची राहिली असती. घराच्या छायाचित्राविषयी या पुस्तकात जे म्हणायचे आहे त्याचे सार या दोन उदाहरणांत आले आहे: चित्राला मोजमापाची जोड हवी, आणि मूळ पुरावा पुसला जाता कामा नये.

उल्हासनगरच्या जन्मकथेतही मोजमापाचे स्थान मोठे आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कल्याणजवळ लष्कराची मोठी छावणी उभारण्यात आली होती, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांना तेथील दोन हजारांहून अधिक बराकींमध्ये आसरा देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या वसाहतीची कोनशिला बसली आणि जवळून वाहणाऱ्या उल्हास नदीवरून तिचे नाव उल्हासनगर पडले. बराक म्हणजे सैनिकांच्या निवासासाठी बांधलेली लांबट इमारत. तिच्या मधोमध मोठा दिवाणखान्यासारखा भाग आणि दोन्ही टोकांना खोल्या अशी अनेकींची रचना होती, आणि या लांबट पोकळीचे आडोसे घालून ब्लॉक पाडण्यात आले. एका कुटुंबाच्या वाट्याला आलेला ब्लॉक हे तेथील घराचे पहिले माप ठरले. विस्थापितांना भरपाई व पुनर्वसन देण्यासाठी १९५४ साली झालेल्या कायद्यान्वये पुढे मालकी हक्क मिळत गेले, बराकी पाडून त्याच चौथऱ्यावर मजले चढत गेले, परंतु पत्त्यातील बराक क्रमांक आणि ब्लॉक क्रमांक तसेच राहिले. आजही कॅम्प पाचमधील घराचा पत्ता सांगताना जी बराक डोळ्यांना कोठेच दिसत नाही तिचा क्रमांक आधी सांगितला जातो, आणि छायाचित्रकार तो विचारत विचारत घरापर्यंत पोहोचतो.

२०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १३ चौरस किलोमीटरच्या उल्हासनगरात ५,०६,०९८ लोक राहत होते. एवढ्या दाटीत घराचा अर्थ इंचांत मोजला जातो. भिंतीतले कपाट, पलंगाखालचा कप्पा, मोरीवरचा पोटमाळा, जिन्याखाली बसवलेले शिलाई यंत्र, गॅलरी आत घेऊन वाढवलेली खोली, या सगळ्यांत राहणाऱ्यांची बुद्धी आणि काटकसर साठलेली असते. विक्रीचे छायाचित्र काढताना मात्र यातले बरेचसे चौकटीबाहेर ठेवण्याची सूचना असते, कारण रिकामी लादी मोठी दिसते आणि ग्राहकाला स्वतःचा संसार तेथे मांडून पाहता येतो. या सूचनेत तथ्य आहे. तरीही घर राहते असल्याच्या सगळ्या खुणा पुसल्या की ते कोणाचेच राहत नाही, हे जाणणारा छायाचित्रकार ओट्यावरची घासलेली कळशी किंवा भिंतीवरची झुलेलाल या सिंधी दैवताची तसबीर मालकाला विचारून तशीच राहू देतो. कोणत्या वस्तू हलवाव्यात आणि कोणत्या हलवू नयेत हा प्रश्न सजावटीचा वाटला तरी त्यात दुसऱ्याच्या घरात वागण्याची रीत सामावलेली आहे, आणि देव्हारा झाकायचा, हलवायचा की चित्रात घ्यायचा हे घरातल्या माणसांनीच ठरवायचे असते.

तंत्राचा विचार करताना सर्वांत आधी वाइड भिंगाचा, म्हणजे रुंद दृश्य एका चौकटीत सामावून घेणाऱ्या भिंगाचा, विचार करावा लागतो, कारण या व्यवसायाची कीर्ती आणि अपकीर्ती दोन्ही त्याच्याशी बांधलेल्या आहेत. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरचे भिंग आडव्या दिशेने सुमारे ४० अंशांचे दृश्य घेते, २४ मिलिमीटरचे सुमारे ७४ अंशांचे, आणि १६ मिलिमीटरचे सुमारे ९७ अंशांचे; हा शेवटचा कोन काटकोनाहून मोठा असल्यामुळे कोपऱ्यात उभे राहिले की खोलीच्या दोन्ही भिंती चौकटीत येतात. असे भिंग खोली ‘मोठी करून’ दाखवते ही समजूत अर्धीच खरी आहे. जवळच्या व दूरच्या वस्तूंच्या आकारांचे परस्पर प्रमाण कॅमेरा कोठे उभा आहे यावर ठरते. भिंग केवळ त्यातला किती भाग आत घ्यायचा ते ठरवते. मात्र कॅमेरा पलंगाच्या कडेपासून हातभर अंतरावर ठेवला की पलंग प्रचंड आणि समोरची भिंत लांब भासते, आणि मोबाइलच्या लहानशा पडद्यावर पाहणाऱ्याला दहा फुटांची खोली सोळा फुटांची वाटू लागते. यावर अनुभवी छायाचित्रकारांचे उत्तर साधे आहे: खोलीचे दार ज्या जागी आहे तेथून, म्हणजे आत येणाऱ्याची पहिली नजर जेथून पडते तेथून, एक चित्र घ्यावेच, शक्य तेथे २४ मिलिमीटरच्या आसपास राहावे, आणि जिचे माप सर्वांना ठाऊक असते अशी वस्तू, दार, खुर्ची किंवा गॅसची शेगडी, चौकटीत असू द्यावी. ती वस्तू म्हणजे चित्रातली मोजपट्टी होय.

कॅमेऱ्याची उंची हाही असाच लहान दिसणारा परंतु परिणामाने मोठा विषय आहे. उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवरून घेतलेल्या चित्रात लादी फार येते आणि ओट्याची फरशी उतरती दिसते. फार खालून घेतले तर छत अंगावर येते. त्यामुळे दिवाणखान्यात सुमारे चार फूट आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या थोडे वर अशी उंची सहसा राखली जाते. कॅमेरा वर किंवा खाली कलला की भिंतींच्या उभ्या रेषा एकमेकींकडे झुकतात, आणि पाहणाऱ्याला कारण कळले नाही तरी घर कलंडल्यासारखे वाटते; म्हणून ट्रायपॉडवरील पाणसळ, म्हणजे पातळी दाखवणारी बुडबुड्याची नळी, हे या कामातील सर्वांत स्वस्त आणि सर्वांत आवश्यक उपकरण आहे. गवंड्याच्या हातातील ओळंब्याचे जे काम, तेच छायाचित्रकाराच्या हातातील पाणसळीचे.

कॅम्प पाचमधील एका नमुनेदार वन आरके घराचे, म्हणजे एक खोली व स्वयंपाकघर असलेल्या घराचे, काम कसे होते ते येथे जवळून पाहणे उपयुक्त ठरेल. अशा घरात ट्रायपॉडचे दोन पाय खोलीत आणि तिसरा न्हाणीच्या उंबऱ्यापलीकडे टेकवावा लागतो, कारण भिंतीला पाठ लावूनही अंतर पुरत नाही. ट्यूबलाइटचा हिरवट, बल्बचा पिवळा आणि खिडकीतून येणारा निळसर असे तीन रंगांचे उजेड एकाच भिंतीवर पडत असतात, त्यामुळे दिवे मालवून पाहणे, मग एकाच प्रकारचे लावणे हा क्रम पाळला जातो. नंतर कॅमेरा न हलवता तीन किंवा पाच चित्रे कमी-अधिक उजेडाची घेतली जातात, यालाच ब्रॅकेटिंग म्हणतात; काळोख्या चित्रातून खिडकी आणि उजळ चित्रातून खोलीचे कोपरे घेऊन संगणकावर त्यांचे एक चित्र होते. येथेच या व्यवसायातील खरा प्रश्न उभा राहतो. त्या खिडकीच्या ग्रिलपलीकडे हात लांब केल्यास लागेल एवढ्यावर शेजारच्या इमारतीची भिंत आहे. खिडकी पांढरी फटफटीत ठेवली तर बाहेर मोकळे आकाश असल्याचा भास होतो, आणि नीट उजेड साधला तर ती भिंत, तिच्यावरचे पाइप आणि वाळत घातलेले कपडे दिसू लागतात. हे तंत्र ज्याला येते त्याला दोन्ही करता येते, म्हणून निवड तंत्राची उरत नाही, ती सचोटीची होते. घर घेणाऱ्याला भिंत कधीतरी दिसणारच आहे. ती चित्रात दिसली तर त्याची एक खेप, एका दिवसाची रजा आणि त्याचा विश्वास वाचतो.

उजेडाचा विचार येथे भूगोलाकडे नेतो. हा परिसर सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर, कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, म्हणून मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडे असतो आणि एरवी सावलीत राहणारी उत्तरेची भिंत त्या दिवसांत तापते. उलट डिसेंबरच्या उत्तरार्धात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७ अंशांवर दक्षिणेला असल्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतवर येते. छायाचित्रकाराला कोणत्या घराला कोणत्या वेळी जावे हे यावरून ठरवावे लागते, आणि काही वर्षांच्या कामानंतर पत्ता व मजला ऐकताच घरात ऊन कधी येईल हे तो अदमासाने सांगू शकतो. दाटीच्या वस्तीत मात्र थेट उन्हापेक्षा परावर्तित उजेड, म्हणजे समोरच्या भिंतीवर आपटून आत येणारा उजेड, महत्त्वाचा असतो. समोरचे घर पांढऱ्या चुन्याचे असेल तर अंधारी खोली तासभर उजळते, आणि तेच घर पुढे गडद रंगाचे झाले तर ती काळवंडते. हवा-उजेड हा मराठी जोडशब्द घर पाहणारे सहज वापरतात. त्यातील उजेड छायाचित्रात येतो आणि हवा येत नाही, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

ऋतूंचा प्रभाव बदलापूर आणि अंबरनाथच्या बाहेरच्या भागांत अधिक ठळक होतो. तेथील घरांच्या जाहिरातींत मलंगगड, चंदेरी आणि माथेरानची रांग हे मोठे आकर्षण असते, आणि जुलै–ऑगस्टमध्ये ढग उतरलेल्या हिरव्या डोंगरांचे चित्र एप्रिलमध्ये घर पाहायला आलेल्या माणसाला ओळखूही येत नाही. उलट मार्चमध्ये घेतलेल्या चित्रात तुळईखाली पावसाळ्यात येणारी ओल दिसत नाही आणि रस्त्यावर साचणारे पाणीही दिसत नाही. २६ जुलै २००५ चा पूर, आणि २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर–वांगणी दरम्यान पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्स्प्रेस, या दोन घटनांनी उल्हास नदीचा विस्तार किती दूरवर जातो हे सर्वांना दाखवले. राज्याच्या जलसंपदा विभागाच्या पद्धतीत सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची सीमा निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची सीमा लाल रेषेने दाखवतात. या रेषा नकाशावर असतात, छायाचित्रात नसतात. नदीकाठच्या घराचे रमणीय चित्र आणि पूररेषेचा नकाशा ग्राहकाने शेजारी ठेवून पाहिले तरच त्या घराचे पूर्ण दर्शन होते. ड्रोनमुळे आकाशातून चित्र घेणे सोपे झाले असले तरी २०२१ च्या ड्रोन नियमांनी हिरवा, पिवळा व लाल असे हवाई विभाग पाडले आहेत, आणि अंबरनाथसारख्या संरक्षण कारखाना असलेल्या गावी उड्डाणाआधी नकाशा व परवानगी तपासणे हे छायाचित्रकाराचे पहिले काम आहे.

घराच्या चित्राचा कायद्याशी असलेला संबंध अनेकांना नवा वाटेल. एकेकाळी वर्तमानपत्रातील छोट्या जाहिरातीत चार ओळींचा मजकूर असे आणि माहितीपुस्तिकेत हाताने रंगवलेले इमारतीचे चित्र असे. २००५ पासून ९९एकर्स, पाठोपाठ मॅजिकब्रिक्स, आणि २०१२ मध्ये मुंबईत सुरू झालेले हाउसिंग अशी संकेतस्थळे आली, त्यांपैकी शेवटच्याने आरंभी स्वतःची माणसे घरोघरी पाठवून छायाचित्रे गोळा केली, आणि चित्राविना घराची जाहिरात अपुरी वाटू लागली. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याने, ज्याला व्यवहारात मोफा म्हणतात, बिल्डरवर माहिती उघड करण्याची बंधने आधीच घातली होती. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, ती अधिक घट्ट केली. महारेराचा, म्हणजे या कायद्याखालील राज्य प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक नव्या प्रकल्पाच्या जाहिरातीत छापावा लागतो, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही द्यावा लागतो. या कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतील किंवा सॅम्पल फ्लॅटमधील, म्हणजे नमुना म्हणून सजवलेल्या घरातील, चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरलेल्या ग्राहकाला नुकसानभरपाई, किंवा प्रकल्पातून बाहेर पडायचे असल्यास व्याजासह पैसे परत मागता येतात. याच कायद्याने कार्पेट एरियाची व्याख्या निश्चित केली: घराच्या आतील वापरता येणारे क्षेत्र, ज्यात आतल्या आडभिंती मोजल्या जातात, पण बाहेरच्या भिंती, डक्ट, गॅलरी आणि खुली गच्ची मोजली जात नाही. छायाचित्रकाराने कार्पेट एरियाचा आकडा विचारून घ्यावा आणि चित्रसंचात घराचा साधा आराखडा जोडावा, ही सूचना या पुस्तकात वारंवार येते. कलाशाळेच्या पथकाने १८६८ साली अंबरनाथला जे केले त्याचीच ही घरगुती आवृत्ती आहे.

उल्हासनगरच्या बाबतीत आणखी एक गंभीर मर्यादा नोंदवली पाहिजे. येथील ८५५ अनधिकृत इमारतींचा प्रश्न जनहित याचिकेद्वारे मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला आणि २००६ मध्ये राज्य शासनाने केवळ उल्हासनगरपुरता, अनधिकृत बांधकामे नियमित करण्याचा स्वतंत्र कायदा केला. मे २०२१ मध्ये दोन आठवड्यांच्या अंतराने दोन जुन्या इमारतींचे स्लॅब कोसळून बारा जणांचा बळी गेला. नव्या रंगाच्या आणि पीओपीच्या, म्हणजे प्लॅस्टरच्या नक्षीदार छताच्या, मागे गंजलेली सळई असू शकते, आणि ती कोणत्याही भिंगाला दिसत नाही. छताला गेलेली भेग संगणकावर पुसून टाकणे हे काही क्षणांचे काम आहे, परंतु ती भेग कदाचित त्या घराने दिलेला एकमेव इशारा असते. म्हणून चित्रावर नंतर करायच्या संस्काराची मर्यादा या पुस्तकात स्पष्ट आखली आहे. उजेड, रंग आणि रेषांचा कल सुधारणे हे चित्राचे काम आहे. विसरलेली बादली किंवा वायर काढून टाकणे हे झाडलोट केल्यासारखे आहे. पण ओल, भेग, विजेचा खांब, समोरची भिंत अशा घरासोबत राहणाऱ्या गोष्टी काढणे म्हणजे दुसरेच घर दाखवणे होय. आभासी सजावट, म्हणजे रिकाम्या खोलीत संगणकाने फर्निचर मांडणे, हीसुद्धा तशी नोंद चित्रावरच केली असेल आणि फर्निचरची मापे खरी असतील तरच स्वीकारार्ह आहे.

शेवटचा आणि कदाचित सर्वांत मोलाचा मुद्दा जतनाचा आहे. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्याप्रमाणे मोबदला देऊन काढून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला हक्क, वेगळा करार नसेल तर, काम देणाऱ्याकडे जातो. म्हणून ही चित्रे एजंटाच्या किंवा बिल्डरच्या मोबाइलमध्ये राहतात आणि व्यवहार झाला की पुसली जातात. असे होण्याने काय हरवते हे सिंधच्या उदाहरणावरून कळते. सिंधमधील हैदराबाद शहरात घराच्या छपरावर वारा पकडून तो आतल्या खोल्यांत उतरवणारे मंघ, म्हणजे तिरक्या तोंडाचे झरोके, असत, आणि छपरांवर त्यांची रानासारखी दाटी होती. त्या शहराचे जुने छायाचित्र वास्तुविशारद बर्नार्ड रुडोफ्स्की यांनी १९६४ साली न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयातील प्रदर्शनात आणि त्यासोबतच्या पुस्तकात मांडले, तेव्हा जगाला त्या युक्तीची ओळख झाली. सिंधमधून आलेली कुटुंबे कल्याणच्या छावणीत उतरली तेव्हा त्यांच्या वाट्याला बराकीचा ब्लॉक आला. आडोशाने पाडलेल्या त्या ब्लॉकमध्ये त्यांनी चूल कोठे मांडली, देव कोठे ठेवले, मुलांना अभ्यासाला कोणता कोपरा दिला, हे दाखवणारी चित्रे घराघरांतल्या कौटुंबिक अल्बममध्ये माणसांच्या पाठीमागे, योगायोगाने आलेली, तेवढीच सापडू शकतात. आज तीच बराकींची जागा पुन्हा एकदा बदलत आहे, आणि या वेळी प्रत्येक घरात पाडण्यापूर्वी किंवा विकण्यापूर्वी एक प्रशिक्षित माणूस उत्तम कॅमेरा घेऊन जातो आहे. त्याने मालकाच्या संमतीने, नाव व खासगी वस्तू वगळून, प्रत्येक घराची दोन न सुधारलेली चित्रे आणि एक मापांसह आराखडा जपून ठेवला, तर पन्नास वर्षांनी या पट्ट्याच्या गृहजीवनाचा इतिहास लिहिणाऱ्याला अंदाजांवर विसंबावे लागणार नाही.

पुढील प्रकरणांची मांडणी याच क्रमाने केली आहे. पहिल्या भागात परिसराचा आणि येथील घरप्रकारांचा परिचय आहे. दुसऱ्यात भिंग, उंची, उजेड व ऋतू यांचे तंत्र उदाहरणांसह दिले आहे. तिसऱ्यात कायदा, करार आणि चित्रसंस्काराच्या मर्यादा आहेत. आणि चौथ्यात जतनाची सोपी पद्धत सुचवली आहे, जी एकट्या छायाचित्रकारालाही परवडेल. हे लेखन प्रामुख्याने या व्यवसायात नव्याने येणाऱ्या तरुणांसाठी आहे, तथापि आयुष्याची पुंजी घालून घर घेणाऱ्या वाचकानेही ते वाचावे अशी अपेक्षा आहे, कारण चित्र काढणाऱ्याची नजर ज्याला समजली त्याला चित्र वाचता येते. अंबरनाथच्या देवळातील झिजलेला अंक पुन्हा वाचता आला तो दगड जपला गेला म्हणून. कॅम्प पाचमधल्या खोलीचे चित्रही उद्या कोणीतरी पुन्हा वाचणार आहे, आणि त्याला खिडकीपलीकडची भिंत जिथे होती तिथेच दिसली पाहिजे.